कोठीवरची अवस

जतच्या माळावर ट्रकनं आम्हाला उतरवलं
तेव्हा बापूंनी आधी जमीन उकरून पाहिली.
चार बोटांखाली मुरूम.
धरणात गेलेल्या आंबेखोलात
चार बोटांखाली झरा असायचा.

बावीस घरं. पत्र्याचे आडोसे ओळीनं,
जणू कुणी पाटीवर रेघा ओढल्या
आणि आकडे लिहायचे विसरले.
आईनं पदराच्या गाठीला नाचणी आणलेली.
पेरली. उगवली.
वीतभर होऊन तशीच उभी राहिली,
बसावं की निघावं न कळलेल्या पाहुणीसारखी.

पहिल्या उन्हाळ्यात अनशीचं पोर गेलं.
तापानं, असं सगळे म्हणाले.
तिच्या चुलीत आठ दिवस राख नव्हती
हे म्हणाले एकटे बयाजी डिगे,
मूठमाती देऊन परतताना,
कुणाकडं न बघता.

देवळासाठी आणलेल्या विटा
त्यांनी कोठीला लावल्या.
देव अजून ट्रंकेतच होते.
‘त्यांना थांबायची सवय आहे,’ म्हणाले.

मग ठरलं.
अवसेला रातची चूल कुणी पेटवायची नाही.
वाचेल ते कोठीत.
दिवस मावळला की बावीसही घरांनी यायचं,
प्रत्येकानं पिशवी आणायची, पिशवीवर फडकं,
आणि एकेकानं आत जायचं.
आत दिवा नाही. एक कणगी, एक चेपलेलं माप.
टाकायचं तर टाक,
काढायचं तर काढ.
डिगे उंबऱ्याशी पाठ करून तंबाखू मळत बसायचे
आणि माणूस बाहेर पडताना मोठ्यानं खोकायचे,
पिशवीचं वजन कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

चोरी होईल, कुणी म्हणालं.
होऊ दे, चोराला काय पोट नसतं?
कणगी दोनदा तळाला गेली.
तिसऱ्यांदा हात घातला तर हुलगे लागले,
खड्यांसकट.
पण हुलगे.

बाहत्तरच्या सालात
मूळ गावातले सिद्राम बिरादार आले,
आडावर आमच्या घागरी पायानं सारणारे.
ओळीच्या शेवटी उभे, हातात पिशवी,
तिच्यावर धुतलेलं फडकं.
कुणी बोलेना. ओळही हलेना.
मग अनशी आपल्या जागेवरून एक पाऊल मागं सरली
आणि म्हणाली, या हितं.

आता कोठीत तरुण मंडळाचे भोंगे असतात,
गणपतीची झालर, दोन मोडक्या खुर्च्या.
रेशनच्या दुकानात अंगठा टेकला की
यंत्र आपलं नाव मोठ्यानं सांगतं.
माप आमच्याकडं आहे. नातू त्यात गोट्या ठेवतो.

मला जन्मभर वाटायचं, आपण देणाऱ्यांतले.
आई पिशवी पोटाशी धरून जायची,
जड असल्यासारखी एका अंगाला कलत.
परवा, दवाखान्यातून घरी आणल्यावर,
माझ्या हातचं पेज पिताना म्हणाली,
त्यात कोंडा असायचा.
जाताना कोंडा, येताना ज्वारी.

किती दिवस?
‘सहा वर्सं.’ थांबली.
‘साडेसहा.’ हिशेबाला पहिल्यापासून पक्की.

आणि कोंडा कुठं जायचा?
मागच्या झरोक्यातून, म्हणाली.
तिथं डिग्यांची शेळी बांधलेली असायची.
साऱ्या वसाहतीची जनावरं हाडकलेली
आणि तीच तेवढी गुटगुटीत.
डिग्यांनी तिला कधी दुसरीकडं बांधली नाही.

सातव्या वर्षी बापूंना बंधाऱ्यावर काम लागलं.
आईनं पहिल्यांदा खरी ज्वारी नेली,
शिगोशीग माप ओतलं अंधारात,
हात झटकले, बाहेर आली.

त्या रात्री शेळी
पहाटेपर्यंत ओरडत होती.